वेडात दौडलेले सात आणि मागे राहिलेलं सैन्य

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका महाविद्यालयाचा गट एकांकिका स्पर्धेसाठी नेसरीच्या लढाईवर संहिता लिहितोय आणि गटात दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, प्रतापराव गुजरांनी कीर्तीसाठी प्राण दिला, तेच दाखवायचं. दुसऱ्यांचं म्हणणं, सात जणांनी एवढ्या फौजेवर चालून जाणं हा निव्वळ आततायीपणा होता, आणि त्याचे पोवाडे गायल्याने पोरांच्या डोक्यात भलतंच शिरतं. खरं काय, आणि रंगमंचावर काय दाखवावं?

मी २४ वर्षं पायदळात होतो. निवृत्तीनंतर नाटक-सिनेमावाल्यांना लढाईचे प्रसंग बसवून देण्याचं काम करतो. या प्रश्नावर मी स्वतः बराच काळ अडलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी घडलं काय ते बघू. साल १६७४, महिना फेब्रुवारी. रायगडावरच्या राज्याभिषेकाला चार महिनेही उरले नव्हते. प्रतापराव तेव्हा सरनोबत, म्हणजे सगळ्या घोडदळाचे प्रमुख. दोनच वर्षांपूर्वी साल्हेरला मोगलांना उघड्या मैदानात धूळ चारणाऱ्या सेनेचे ते पुढारी होते. हा माणूस कच्चा किंवा उतावळा म्हणून ओळखला जात नव्हता, हे आधी पक्कं लक्षात ठेवा.

१६७३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी विजापूरच्या बहलोलखानाला उमराणीपाशी कोंडीत पकडलं आणि त्याचं पाणी तोडलं. उन्हाळा, तहानेने कासावीस झालेली जनावरं. खान नरमला, आणि रावांनी त्याला वाट दिली. शिवाजी महाराजांना हे अजिबात रुचलं नाही. ‘सला काय निमित्य केला?’ असा त्यांचा सवाल कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे. सला म्हणजे तह. पुढे तोच खान पुन्हा चालून आला तेव्हा निरोप गेला, त्याचा आशय असा: त्याला बुडवून फत्ते करा, नाहीतर तोंड दाखवू नका.

आता एकांकिकेच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट. सभासद ‘सात’ म्हणतच नाही. नेसरीवर मोठं युद्ध झालं आणि त्यात प्रतापराव तलवारीच्या वाराने पडले, एवढंच तो सांगतो. सातचा आकडा येतो तो नारायण शेणवीच्या पत्रातून. हा मुंबईच्या इंग्रजांचा दुभाषी, त्या वसंतात रायगडावर होता. त्याने मुंबईला कळवलं की दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव आणखी सहा स्वारांसह मारला गेला, कारण बाकीच्या सैन्याची कुमक त्याच्यापर्यंत पोचली नाही.

ही शेवटची ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. कुमक पोचली नाही. म्हणजे मागे सैन्य होतं. सात जण निघाले आणि बाकीचे छावणीत बसून राहिले, असं यात कुठेही नाही. पुढे गेलेल्या सात जणांत आणि मागून येणाऱ्यांत अंतर पडलं, आणि त्या अंतराने घात केला.

अंतर कसं पडतं, याचा साधा हिशेब सांगतो. घोडा भरधाव सुटला की मिनिटाला सहाशे-साडेसहाशे मीटर सहज तोडतो. दुडक्या चालीचा घोडा त्याच मिनिटात सव्वादोनशे-अडीचशे मीटर जातो. सरनोबताने अचानक टाच मारली, जवळच्या सहा जणांनी पाठोपाठ मारली आणि मागच्या पथकाला इशारा कळायला एक मिनिट जरी लागलं, तरी अर्धा किलोमीटर गेला. त्यात वाट अरुंद. दोन-तीन घोडी जेमतेम शेजारी जाणार, मागच्याला पुढच्याची धूळ दिसणार, पुढचा माणूस दिसणार नाही. तीन-चार मिनिटांत किलोमीटरभराची फट पडते. हे घडायला कुणी भ्याड असावं लागत नाही की कुणी वेडा असावं लागत नाही. एका माणसाच्या मनात एकच गोष्ट उरली की पुरे.

ती गोष्ट कोणती? तुमच्या गटातले एक म्हणतात, कीर्ती. मला तसं वाटत नाही. ‘तोंड दाखवू नका’ हे शब्द ज्याच्या कानात रात्रंदिवस घुमतायत, त्याच्या पुढ्यात कीर्ती नसते. त्याच्या पाठीशी लाज असते. रणांगणावर मी ज्याला धाडस म्हणून पाहिलं, त्यातलं निम्मंअधिक लाजेतून आलेलं होतं. सोबत्यांसमोर कमी पडू नये, वरिष्ठांसमोर मान खाली जाऊ नये, गावात बापाला कुणी बोलू नये. गीतेतही अर्जुनाला नेमकी हीच भीती घातलेली आहे: मानाने जगलेल्याला अपकीर्ती मरणाहून वाईट. श्रीकृष्णाने हा युक्तिवाद वापरला तो चालतो म्हणूनच. माणूस कीर्तीकडे धावताना दिसतो तेव्हा आधी त्याच्या मागे काय लागलंय ते बघावं. तुमच्या नटाला हे सांगा. छाती पुढे काढून केलेला प्रतापराव आणि पाठीवर ओझं घेऊन घोड्यावर चढणारा प्रतापराव, यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आता कवितेकडे येतो, कारण आपल्या डोक्यातली नेसरी बखरीतून आलेली नाही. ती कुसुमाग्रजांच्या कवितेतून, हृदयनाथांच्या चालीतून आणि लताबाईंच्या आवाजातून आली आहे. तुमच्यातले दुसरे म्हणतात, या गाण्याने वेडेपणाला डोक्यावर घेतलं. मी त्यांना विनंती करीन की कविता पुन्हा एकदा, चाल विसरून, नुसती वाचा. ‘वेडात’ हा शब्द खुद्द कवीचाच आहे आणि तो ध्रुवपदातच आहे. एवढ्या मोठ्या कवीने तो चुकून घातलेला नाही. आणि शेवट बघा. शेवटी जयघोष नाही, नगारे नाहीत. वाऱ्यावर कुणीतरी विराणी गातंय. विराणी म्हणजे विरहाचं गाणं. ज्या गाण्यावर आपल्या मुठी वळतात ते गाणं शोकावर संपतं, आणि इतकी वर्षं ऐकूनही हे आपल्यातल्या पुष्कळांच्या ध्यानात आलेलं नसतं. चूक कवितेची नाही. आपण अर्धीच ऐकतो.

इंग्रजीत याची सख्खी बहीण आहे. २५ ऑक्टोबर १८५४ ला क्रिमियात बालाक्लाव्हाच्या लढाईत साडेसहाशेच्या वर ब्रिटिश घोडेस्वार चुकीच्या दरीत, थेट रशियन तोफांच्या तोंडी घुसले. कुठल्या तोफांवर जायचं, हा हुकूम वरून खाली येताना संदिग्ध झाला. तो घेऊन आलेला कॅप्टन नोलन पहिल्याच मिनिटांत मेला, त्यामुळे खुलासा करायलाही कुणी उरलं नाही. शंभराहून जास्त स्वार गेले. टेनिसनची कविता त्याच डिसेंबरमध्ये छापून आली आणि घरोघर पोचली. तिच्यातही, कुणाकडून तरी घोटाळा झाला होता आणि शिपायाला ते माहीत होतं, असं सरळ म्हटलेलं आहे. तीही आपण अर्धीच ऐकतो. चांगला कवी वैभव आणि घोटाळा दोन्ही एका ओळीत ठेवतो. पाठांतर करणारे सोयीचं तेवढं उचलतात.

होमरने तर हा हिशेब अकिलीजच्या तोंडून दोनदा मांडला. ‘इलियड’मध्ये त्याच्यापुढे दोन वाटा आहेत: घरी परतून दीर्घायुष्य, नाहीतर ट्रॉयला मरून अक्षय कीर्ती. तो दुसरी घेतो. पुढे ‘ओडिसी’त मृतांच्या लोकात तोच अकिलीज सांगतो की मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा जिवंतपणी एखाद्या दरिद्री शेतकऱ्याकडे राबणं बरं. वीरकाव्याच्या मुळाशीच ही कबुली पडलेली आहे.

सिनेमाची अडचण वेगळी आहे आणि ती मी रोज पाहतो. कॅमेऱ्याला चेहरा लागतो. सात चेहरे पडद्यावर मावतात. मागून येणारं पथक मावत नाही, ते नुसती धूळ होतं. मग संकलक घोड्यांची चाल संथ करतो, पार्श्वसंगीत चढतं, आणि मी मघाशी सांगितलेली ती किलोमीटरभराची फट प्रेक्षकाला जाणवतच नाही. अंतर आणि वेळ, लढाईतल्या दोन सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टी, पडद्यावर आधी मरतात. एका चित्रीकरणात मी दिग्दर्शकाला विनवलं होतं की नायक शत्रूला भिडल्यावर एकदा, फक्त एकदा, मागे वळून बघू दे. मागे कुणी नाही हे त्याला कळतं, तो क्षण घे. त्याने घेतला. संकलनात तो गेला. लय तुटते, असं मला सांगितलं गेलं. लय तुटायलाच हवी होती. त्या माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लय तिथेच तुटलेली होती.

ज्यांना सिनेमा हे करू शकतो का असा प्रश्न असेल, त्यांनी कुब्रिकचा १९५७ चा ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ बघावा. पहिल्या महायुद्धातली फ्रेंच फौज, एक जनरल बढतीच्या आशेने अशक्य टेकडीवर हल्ल्याचा हुकूम देतो, हल्ला फसतो, मग भित्रेपणाच्या आरोपाखाली आपल्याच तीन शिपायांना गोळ्या घालतात. कीर्ती हवी एकाला आणि किंमत मोजतो दुसरा, हे इतकं स्वच्छ क्वचितच कुणी दाखवलंय. फ्रान्समध्ये तो १९७५ पर्यंत दाखवला गेला नाही, यावरून त्याचा घाव कुठे बसला ते कळतं.

पण म्हणून शौर्य खोटं, असं मी म्हणणार नाही. उलट सांगतो. मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांची गोष्ट घ्या. अहमदनगर जिल्ह्यातला शिपाई, कंपनीचा रनर, म्हणजे निरोप घेऊन धावणारा. ९ एप्रिल १९४५, इटलीत सेनिओ नदीचा बांध. मशिनगनच्या माऱ्यात त्याची पुढची तुकडी कापली गेली. कंपनी कमांडर आणि आणखी दोघे जखमी झाले. नामदेवने पहिलं काय केलं? जखमीला खांद्यावर घेतलं, खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे सुरक्षित आणलं. परत गेला. दुसऱ्याला आणलं. आणि मग तिसऱ्यांदा पार जाऊन त्याने एकट्याने मशिनगनची ठाणी गप्प केली. हाताला गोळी लागून टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब घेतले. शेवटी बांधावर उभं राहून महाराजांच्या नावाचा जयघोष केला आणि मागच्या कंपन्यांना हाताने बोलावलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि तो जिवंत घरी आला.

क्रम बघा. आधी मागे, मग मागे, मग पुढे, आणि पुढे गेल्यावर पुन्हा मागच्यांना साद. त्या माणसाचं त्याच्या सैन्याशी असलेलं नातं एक क्षणही तुटलं नाही. मला शौर्य ओळखायचं असतं तेव्हा मी एवढंच विचारतो: बाकीचं सैन्य कुठे होतं, आणि याला ते ठाऊक होतं का?

बाजीप्रभूंना हाच प्रश्न लावून बघा. जुलै १६६०, पन्हाळ्याहून विशाळगडाची वाट, घोडखिंड. बाजी मागे थांबले ते राजा आणि उरलेली माणसं पुढे जावीत म्हणून. किती वेळ थांबायचं हेही ठरलेलं: गडावरून तोफ ऐकू येईपर्यंत. खिंड तिथेही अरुंद, मरण तिथेही समोर. पण बाजींच्या अडून राहण्याने मिळालेला प्रत्येक क्षण दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येत होता. नेसरीच्या सात जणांच्या मरणाने कुणाला वेळ मिळाला नाही. म्हणून दोन्ही खिंडींना एकाच मापाने मोजू नये, आणि म्हणूनच नेसरीची गोष्ट जास्त दुखते.

माझं स्वतःचं सांगतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका डोंगराळ भागात रात्रीच्या गस्तीवर मी अकरा जणांना घेऊन निघालो होतो. आदल्या आठवड्यात वरिष्ठांनी सगळ्यांदेखत सुनावलं होतं की तुझी गस्त नेहमी उशिरा पोचते. ते डोक्यात घेऊन मी चढाला लागलो. वर धुकं होतं. कड्यावर पोचून मागे वळलो तर फक्त दोघे. नऊ माणसं आणि वायरलेस संच कुठे आहेत, पत्ता नाही. ओरडता येत नाही, दिवा लावता येत नाही. ती चाळीस मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. सुभेदारसाहेब उरलेल्यांना घेऊन पोचले, तेव्हा ते रागावले नाहीत. पाण्याची बाटली पुढे केली आणि हळूच म्हणाले, “साहेब, तुम्ही पुढं होता ते दिसलं सगळ्यांना. आम्ही कुठं होतो, ते तुम्हाला दिसायला पाहिजे.” शत्रू त्या रात्री तिथे नव्हता. असता तर आमच्यावरही कुणी गाणं रचलं असतं, आणि त्या गाण्यात माझ्या चुकीमुळे फुकट गेलेले ते दोन जवान वीर ठरले असते.

पुढे शौर्यपदकांच्या शिफारशी लिहायची वेळ माझ्यावर आली. कोऱ्या कागदापुढे बसलं की कळतं, भाषा कुणाच्या बाजूची असते. ‘जिवाची पर्वा न करता पुढे झेपावला’ हे वाक्य हाताला आपोआप येतं. सलग तीन रात्री पाठीवर पाणी आणि काडतुसं वाहून नेणाऱ्यासाठी तसं तयार वाक्य नाही. ते शोधावं लागतं. साक्षीदार लागतात, आणि ज्याच्यासोबतचे सगळे गेले त्याला साक्षीदार कुठून आणणार? कीर्ती मिळते ती पाहणारा जिवंत राहिला आणि त्याला लिहिता आलं तर. हे लक्षात आल्यापासून मी मागून येणाऱ्यांबद्दल जास्त विचारतो.

समर्थांचं ‘देहे त्यागितां कीर्ति मागें उरावी’ आपण सगळ्यांनी शाळेत घोकलंय. त्याच श्लोकाची तिसरी ओळ किती जणांना आठवते? ‘मना चंदनाचे परी त्वां झिजावें.’ चंदन भडकून पेटत नाही. सहाणेवर रोज थोडं थोडं झिजतं. समर्थांनी कीर्तीला झिजण्याच्या शेजारी बसवलं, आणि आपण पहिली ओळ तेवढी घेऊन घोड्यावर चढलो.

महाराजांचं वागणं याच्याशी किती जुळतं बघा. पुरंदरला १६६५ मध्ये २३ किल्ले देऊन तह करणारा, आग्र्याहून १६६६ मध्ये गुपचूप निसटणारा हा राजा. त्या क्षणी यात कुणाला वैभव दिसलं असेल? चिपळूणच्या छावणीला त्यांनी पाठवलेलं पत्र नेसरीच्या आसपासच्या वर्षांतलं आहे. त्यात काय आहे? दाणा-वैरण पावसाळ्याअखेरपर्यंत पुरवून वापरा, रयतेच्या काडीला हात लावू नका, आणि रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंज पेटेल. स्वराज्य उंदराने नेलेल्या वातीपासूनही वाचवायचं असतं, हे ज्याला कळतं तो सेनापतीच्या मरणाने काय गमावलं हेही जाणतो.

बखरीतली महाराजांची प्रतिक्रिया नेमकी तशीच आहे. ‘आज एक बाजू पडली,’ ते म्हणाले. प्रतापरावांनी आपलं पत्र अक्षरशः पाळलं, याची खंत त्या बोलण्यात आहे. आणि लगेच पुढचा विचार: आता लष्कराचा बंदोबस्त कसा व्हायचा, सरनोबत कुणाला करायचं? दुःख आणि काम एकाच श्वासात. पुढे त्यांनी प्रतापरावांची मुलगी राजारामांना करून घेतली. शब्द कडक गेला होता, त्याचं मोल राजाने आपल्या घरात चुकवलं.

आणि प्रत्यक्ष रणात पुढे काय झालं? आनंदराव नावाच्या सरदाराने विस्कटलेलं सैन्य सावरलं आणि मार्चमध्ये खानाच्याच मुलखात शिरून संपगावची पेठ मारली. हंसाजी मोहिते हंबीरराव होऊन सरनोबत झाले. सेनापती पडल्यावर महिन्याभरात फौज पुन्हा उभी राहून शत्रूच्या घरात घुसते, यामागे किती माणसांची किती मेहनत असेल! आनंदरावावर एकही गाणं माझ्या ऐकण्यात नाही.

तेव्हा तुमच्या दोन्ही तटांना माझं सांगणं एकच. प्रतापरावांना वेडं ठरवू नका, आणि त्यांच्या मरणाला नुसती झळाळीही देऊ नका. एकांकिका आठव्या स्वाराची करा. ज्याला इशारा मिनिटभर उशिरा दिसला, त्याची. त्याचं नाव कुठल्याच कागदात नाही, त्यामुळे लेखकाला मोकळं रान आहे. रंगमंचावर सात जणांची दौड दाखवूच नका. विंगेतून टापा ऐकवा आणि त्या हळूहळू लांब जाऊ द्या. प्रेक्षकाला अंतर कानांनी कळू द्या. मग आठवा खिंडीत येतो. तो ओरडणार नाही, गुडघे टेकून भाषण करणार नाही. मी अशा जागी पोचलेली माणसं पाहिली आहेत. तो आधी प्रत्येकाच्या नाकाशी हात धरून बघेल. मग मोजेल. एकदा मोजून विश्वास बसणार नाही, म्हणून पुन्हा मोजेल. मग मोकळ्या सुटलेल्या घोड्यांचे लगाम धरेल, कारण घोडी वाया जाऊ देता येत नाहीत. आणि मग मागच्या पथकातल्या एका पोराला जवळ बोलावून आनंदरावांकडे काय निरोप न्यायचा, ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेईल.